गृहत्याग : एका रात्रीचा की अनेक वर्षांचा?

घरदार सोडून निघून जाणाऱ्या माणसाचे आपल्याला नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. कथा-कीर्तनांतला गृहत्याग बहुधा एका क्षणात घडतो. मन विटते आणि माणूस अंगावरच्या वस्त्रानिशी चालू लागतो. सिद्धार्थ गौतमाची गोष्टही आपण अशीच ऐकलेली असते. वृद्ध, रोगी, प्रेत आणि परिव्राजक यांचे दर्शन घडते. मग मध्यरात्री, निजलेल्या पत्नीला व तान्ह्या राहुलाला मागे टाकून, कंथक घोड्यावरून राजपुत्र निघून जातो.

या कथेची मराठीत कसोशीने चिकित्सा ज्यांनी केली, ते स्वतःच घर सोडून गेलेले होते. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे झाला. लहान वयात लग्न, मग नारळीच्या बागांची देखरेख, असा त्यांचा संसार चालला होता. 'बालबोध' मासिकात बुद्धाविषयीचा लेख त्यांच्या वाचनात आला आणि बुद्धाच्या धर्माची ओढ लागली. १८९९ च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते घराबाहेर पडले. मात्र हा निर्णय एका दिवसाचा नव्हता. त्याआधीही ते अनेकदा घर सोडून गेले होते आणि परतले होते.

पुढची सहा-सात वर्षे भटकंतीची. पुणे, ग्वाल्हेर, काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृताचे अध्ययन. नेपाळात गेले, पण तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून निराश झाले. नंतर बोधगयेवरून सिंहलद्वीपास जाऊन, १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकले. तेथून ब्रह्मदेश. ही भ्रमंती दिशाहीन नव्हती. जेथे विद्या मिळेल तेथे जायचे, एवढा एकच नेम तिला होता.

पुढे 'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी मूळ पाली सुत्ते तपासली, तेव्हा निराळेच चित्र दिसले. चार दृश्यांची कथा दीघनिकायात आहे, पण ती विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाची. अरियपरियेसन सुत्तात गौतम स्वतःच्या गृहत्यागाविषयी बोलतो. त्यात ना मध्यरात्र आहे, ना घोडा. आईबाप रडत असताना, त्यांच्या देखत, त्याने केस-दाढी उतरवून काषाय वस्त्रे घातली, एवढेच तेथे सांगितले आहे. अत्तदंड सुत्तात, आटत्या पाण्यातील माशांसारखी माणसे एकमेकांशी झगडताना पाहून भय वाटले, असे कारण येते. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात चाललेल्या कलहाशी कोसंबींनी या वैराग्याचा संबंध जोडला. हे त्यांचे अनुमान आहे, आणि ते सर्वांनाच मान्य होईल असे नाही. परंतु त्यामुळे गृहत्यागाचा अर्थच पालटतो. पळून जाणे वेगळे आणि घरच्यांच्या डोळ्यांदेखत निघणे वेगळे.

भिक्षुसंघाचे नियमही याच जाणिवेचे आहेत. राहुलाला प्रव्रज्या दिल्यावर शुद्धोदनाने आपले दुःख बोलून दाखवले. त्यानंतर मातापित्यांच्या अनुमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. पावसाळ्याचे तीन महिने एके ठिकाणी राहण्याचे बंधन तर होतेच. म्हणजे अनिकेताचे जिणेही मोकाट नव्हते.

कोसंबी गेले तेव्हा मागे पत्नी बाळाबाई व काही महिन्यांची मुलगी होती. त्यांच्या वाट्याला आलेली वर्षे कोणत्याही प्रवासवर्णनात मावत नाहीत. १९०६ साली कोसंबी परतले, चीवर उतरवून पुन्हा संसारात आले. सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेल्या दरमहा ५० रुपयांवर, १९०८ पासून, त्यांनी आपली विद्या महाराष्ट्राच्या कामी लावली. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली, हार्वर्ड विद्यापीठात विसुद्धिमग्गाच्या संपादनाचे काम केले.

परीक्षा, नोकरी, घरच्यांच्या अपेक्षा यांना कंटाळून 'सगळे सोडून निघून जावे' असे कोणाला वाटत नाही? त्या वाटण्यात लाज मानण्यासारखे काही नाही. पण निघण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. आपण कशासाठी निघालो आहोत? आणि आपल्या जाण्याची किंमत घरात कोण मोजणार आहे? पहिल्याचे उत्तर कोसंबींपाशी होते. दुसऱ्याचे उत्तर बाळाबाईंना द्यावे लागले.