शुगरची गोळी आधी मनात सुटते

खरवईच्या वस्तीत कुणालाही विचारा, "शुगरची गोळी चालू आहे ना?" एक उत्तर हमखास मिळते, "आता बरं वाटतंय, म्हणून बंद केली." याला आम्ही आळस म्हणत नाही. श्रीमंत देशांतही दीर्घ आजाराचे सुमारे निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली नोंदवले होते. पैसा आणि वेळ यांची अडचण खरीच. पण गोळी बरेचदा आधी मनात सुटते आणि मग हातातून.

पहिले कारण म्हणजे हा आजार दुखत नाही. दाढ दुखली की आपण दवाखाना गाठतो. साखर मात्र गुपचूप डोळ्यांचा पडदा, किडनी आणि पायांच्या नसा बिघडवते. म्हणून बरे वाटण्यावर विसंबू नका. एचबीएवनसी तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. ती डॉक्टर सांगतील तेव्हा करा.

दुसरे कारण भीती. "इन्सुलिन लागले म्हणजे सगळे संपले," असे अनेकांना वाटते. बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि त्यांना इन्सुलिन घ्यावे लागे. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला. डॉक्टर असलेल्या माईसाहेबांनी त्यांचे पथ्य आणि औषधपाणी सांभाळले. पाय दुखत, नजर मंदावली होती, तरी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा ही कामे त्याच काळातली. एवढ्या मोठ्या माणसाने उपचारासाठी दुसऱ्याची मदत घेतली. मग आपण का लाजावे?

काहींना रात्रपाळीत एकदा घाम फुटतो, हातपाय थरथरतात आणि ते गोळीलाच घाबरतात. साखर उतरल्याची ही खूण असू शकते. अशा वेळी लगेच दोन-तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, मग काहीतरी खा आणि डॉक्टरांना पाळीची वेळ सांगा. ते गोळीची वेळ किंवा मात्रा बदलू शकतात. मनाने गोळी बंद करू नका.

तिसरे कारण अपराधी भाव. भीमजयंतीला जिलेबी खाल्ली, "आता पथ्य मोडलेच," म्हणून आठवडाभर सगळेच सोडले. तथागतांचा मध्यम मार्ग इथे उपयोगी पडतो. एका दिवसाची चूक दुसऱ्या दिवशी नेहमीच्या जेवणाने आणि चालण्याने सावरता येते. राहिलेली गोळी भरून काढायला दोन एकदम मात्र घेऊ नका. आणि "नशिबातच होते" हे तर आपण म्हणूच नये. धम्म कारण शोधायला शिकवतो. कारण कळले की उपाय करता येतो.

चौथे कारण थकलेले मन. एमआयडीसीतली पाळी, लोकलची दगदग, डोक्यावरचे कर्ज आणि त्यात रोजचे पथ्य. घरातली बाई तर सगळ्यांचे झाल्यावर जेवते आणि तिची गोळीही शेवटी राहते. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, झोप किंवा जगण्यातला रस गेला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते.

घरच्यांचे कामही मोठे आहे. आजारी भिक्खूकडे इतरांनी पाठ फिरवली, तेव्हा बुद्धांनी स्वतः त्याला धुतले, निजवले आणि रुग्णाची सेवा करण्याचा उपदेश केला. आपल्याला एवढेही करायचे नाही. रुग्णाला टोमणे मारू नका. त्याच्यासाठी वेगळे ताट मांडण्यापेक्षा सगळ्यांनीच भात थोडा कमी आणि भाजी-डाळ जास्त घ्या. गोळी चहाच्या डब्याशेजारी ठेवा, म्हणजे रोजच्या सवयीला ती जोडली जाईल. रात्री जेवल्यावर दोघांनी मिळून चाला.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. औषध परवडत नसेल तर बंद करण्याआधी तिथे विचारा. आणि येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की शेजारच्याला हळूच विचारा, "गोळी घेतली का?" विचारणारे कुणी असले की औषध सहसा सुटत नाही.

जय भीम.