शिष्यवृत्तीला लागलेली कात्री आणि आपली मुले

दहावी-बारावीचे निकाल लागले की पेण आणि रोह्याच्या तहसील व प्रांत कचेरीबाहेर आपल्या समाजातील आईबाप कागदांची पिशवी सांभाळत उभे दिसतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, बँकेचे पासबुक. ही सारी धावपळ भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी असते. पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात कातकरी-ठाकूर मुलांचेही हेच हाल होतात, फक्त त्यांचे खाते वेगळे.

ही शिष्यवृत्ती कोणाची मेहेरबानी नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. उच्च शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा, ही त्यातील एक ठळक मागणी होती. १९४४ साली योजना सुरू झाली. बाबासाहेब स्वतः १९१३ मध्ये बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले होते. एका राजाच्या उदारपणामुळे एकाला जे मिळाले, ते सरकारी तिजोरीतून आपल्या हजारो मुलांना हक्काने मिळावे, असा हा प्रवास आहे.

आता आकड्यांकडे येतो. मी बी.कॉम. झालेला कारकून, त्यामुळे भाषणापेक्षा वहीखात्यावर माझा विश्वास जास्त. २०१० च्या दरांप्रमाणे बी.ए., बी.कॉम.च्या घरून येणाऱ्या विद्यार्थ्याला निर्वाह भत्ता होता महिना ३०० रुपये. दहा महिन्यांचे ३,००० झाले. २०२१ मध्ये केंद्राने नवे नियम काढले, त्यात याच विद्यार्थ्याचा वर्षाचा भत्ता किती? ३,००० रुपयेच! अकरा वर्षांत एक रुपयाची वाढ नाही. दिवसाला दहा रुपये पडतात, आणि दहा रुपयांत आता वडापावही येत नाही. कपात अशीही होते. रक्कम कागदावर तशीच राहते आणि तिची किंमत बाजारात झिजत जाते.

उत्पन्नाच्या मर्यादेचेही तेच. २०१३ साली ती अडीच लाख झाली आणि २०२१ च्या नियमांतही अडीच लाखच राहिली. बाराने भागा, महिना २०,८३३ रुपये. धाटावच्या कारखान्यात ठेकेदाराकडे राबणारा बाप ओव्हरटाइम करतो, आई चार घरची कामे करते. दोघांचे मिळून मर्यादेच्या वर गेले की मुलाचा भत्ता बंद. फी माफीची सवलत राहते, पण वह्या-पुस्तके आणि गाडीभाडे घरातून काढावे लागते.

सगळ्यात मोठी कात्री मात्र दिल्लीत चालली आणि ती आपल्या लोकांना दिसलीच नाही. पंचवार्षिक योजनेच्या शेवटच्या वर्षी राज्याचा जेवढा खर्च होई, तेवढा पुढे दरवर्षी राज्यानेच करायचा आणि केंद्राने फक्त वरचा खर्च द्यायचा, असा जुना नियम होता. २०१७ मध्ये बारावी योजना संपली आणि बोजा राज्यांवर आला. २०१७-१८ ते २०१९-२० या काळात केंद्राने देशभरासाठी वर्षाला सुमारे १,१०० कोटीच दिले. अखेर डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य अशी वाटणी मान्य केली. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी, त्यात केंद्राचे ३५,५३४ कोटी. मधल्या तीन वर्षांत ज्यांचे शिक्षण सुटले, त्यांचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा?

त्याच काळात मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने या शिष्यवृत्तीवरील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह व खानावळीच्या पैशांत मिळणारी सूट काढून घेतली. २१ फेब्रुवारी २०१८ पासून तेथील विद्यार्थी संघाने वर्गांवर बहिष्कार टाकला. देवनारबरोबर तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटीची मुलेही उतरली. विशेष म्हणजे ज्यांना ही शिष्यवृत्ती लागू नव्हती तेही बरोबर बसले. हे जमले, कारण तिथे मुलांनी मतदान करून निवडलेला संघ होता. बोलायला माणूस होता आणि त्याच्या मागे सगळे होते.

आपल्या पेण-रोह्याच्या मुलांजवळ हे नाही. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील खुल्या निवडणुका गेल्या आणि गुणांच्या यादीवरून प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या कायद्याने निवडणुका पुन्हा मान्य केल्या, पण २०१९ मध्ये ठरलेल्या निवडणुका विधानसभेच्या धामधुमीत पुढे गेल्या. निवडणुकीत मारामाऱ्या होतात हे खरे आहे. म्हणून काय ग्रामपंचायतीच्या निवडणुका बंद केल्या? मुलाने फीच्या खिडकीशी एकट्याने उभे राहावे आणि आतून उत्तर यावे, ‘पैसे आले नाहीत, नंतर या’, ही रीत झाली आहे.

रोहा तालुक्यातील एका वस्तीतील मुलीचे प्रकरण माझ्याकडे आले होते. शिष्यवृत्ती मंजूर, पण पासबुकात जमा नाही. महाविद्यालय म्हणे आधी फी भरा, मग गुणपत्रिका न्या. चार ठिकाणी फिरल्यावर कळले की मोबाईलचे सिम घेताना दुकानदाराने तिच्या आधारवर भलतेच खाते उघडले होते आणि रक्कम तिथे पडून होती. घरच्यांनी तोवर व्याजाने पैसे काढून फी भरली होती. पोरगी हुशार, पण दोन महिने बोलेनाशी झाली होती.

नव्या पद्धतीत फीचीही रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते, तेही केंद्राची वेगळी आणि राज्याची वेगळी. पावसाळ्याच्या तोंडावर घरात अडचण असते, आलेला पैसा किराण्यात जातो आणि महाविद्यालयाची थकबाकी मुलाच्या डोक्यावर बसते. म्हणून प्रत्येक विहारात रविवारी एक वही ठेवावी. मुलाचे नाव, अर्जाचा क्रमांक, अर्जाची तारीख, कोणत्या टेबलावर अडकला, आधार कोणत्या बँकेला जोडले आहे आणि किती रक्कम फीची, एवढेच लिहावे. बी.कॉम.च्या मुलांनी हे काम वाटून घ्यावे. महिना झाला तरी अर्ज हलला नाही तर पाच-दहा मुलांची एकत्र यादी करून अलिबागला समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्तांकडे लेखी द्यावी, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी आणि ती प्रत वहीतच डकवावी. आईबापांपैकी कोणीतरी एक सोबत असावे, आणि जमले तर शेजारच्या वाडीतील कातकरी मुलांनाही बरोबर घ्यावे. त्यांचा अर्ज मात्र पेणच्या प्रकल्प कार्यालयात जातो, हे आधी सांगून ठेवावे.