अनुदान कोणाच्या नावे?

दंडारीच्या दिवसांत मोरपिसांचा उंच टोप घालून, अंगाला राख फासून गावोगाव फिरणारे गुस्साडी आपल्या जिल्ह्यात कोणी पाहिले नाहीत? मेळा ज्या गावी उतरतो ते गाव त्याला जेवू घालते. एवढाच त्याचा जमाखर्च.

आता सरकारी अनुदानाची रीत पाहा. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाकडून कार्यक्रमांसाठी साहाय्य मिळते. पण संस्था नोंदणीकृत हवी, हिशेब तपासलेले हवेत. खर्चाचा साधारण पाऊण हिस्सा सरकारचा, बाकीचा संस्थेने उभारावयाचा. पैसा जनतेचा आहे, तेव्हा हिशेब मागण्यात गैर काही नाही. महाराष्ट्रात तमाशाच्या फडांना अनुदान देता आले, कारण फडाला मालक असतो. दंडारीच्या मेळ्याला ना मालक, ना चिटणीस. दिवाळी सरली की जो तो आपल्या शेतावर. मग धनादेश काढावा कोणाच्या नावे?

व्यक्तीचा गौरव त्या मानाने सोपा. मारलवाईचे गुस्साडी गुरू कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते निवर्तले. (मारलवाई २०१६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते.) मान त्यांचा झाला, तो योग्यच, पण नाच साऱ्या मेळ्याचा.

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपली परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्यास सक्षम मानले आहे. माझ्या मते अनुदान तिच्याच नावे द्यावे. हिशेब लिहायला आपल्या वाणिज्य शाखेचा एखादा गोंडी जाणणारा विद्यार्थी दिवाळीच्या सुटीत गेला, तरी पुरे.