शनीच्या चंद्राची नाडी पाहणारी शास्त्रज्ञ

स्टेथोस्कोप छातीवर ठेवणाऱ्या डॉक्टरला हृदय दिसत नसतं. ठोक्यांतला फरक ऐकून तो आतल्या बिघाडाचा अंदाज बांधतो. ग्रहांचं चुंबकत्व अभ्यासणाऱ्यांचं कामही याच जातीचं. डॉ. मिशेल डोहर्टी यांनी अशाच एका अंदाजाच्या भरवशावर एका अवकाशयानाचा मार्ग बदलायला लावला होता.

डोहर्टी दक्षिण आफ्रिकेत वाढल्या. त्या दहा वर्षांच्या असताना वडिलांनी घरी दुर्बीण बांधली. तिच्या चौथऱ्याचं काँक्रीट कालवायला मुलींनी हात लावला आणि त्याच दुर्बिणीतून त्यांनी शनी व गुरूचे चंद्र पहिल्यांदा पाहिले. गंमत अशी, की पुढे त्या ज्या शाळेत शिकल्या तिथे विज्ञान हा विषयच नव्हता! गणिताच्या जोरावर त्यांना नाताळ विद्यापीठात प्रवेश मिळाला. तिथेच त्यांनी पीएच.डी. केली. मग काही काळ जर्मनीत काढून त्या लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजात आल्या. दहावीला अमुक विषय घेतला नाही म्हणून मुलाचं आयुष्य वाया गेलं असं मानणाऱ्या पालकांनी हा प्रवास जरूर पाहावा.

‘कॅसिनी’ यान १९९७ मध्ये निघालं आणि २००४ मध्ये शनीभोवती फिरू लागलं. त्यावरच्या चुंबकमापकाची धुरा डोहर्टींकडे होती. एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी रुग्णाला अंगावरचं धातूचं सगळं काढायला लावतात. इथे तर यानच विजेच्या उपकरणांनी भरलेलं, त्याचं स्वतःचं चुंबकत्व मोजमापात लुडबुड करणार. म्हणून मापकाचे संवेदक सुमारे ११ मीटर लांबीच्या दांड्यावर, यानापासून दूर बसवले होते.

फेब्रुवारी २००५ मध्ये कॅसिनी एन्सेलाडसजवळून गेलं. शनीचा हा चंद्र जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा, बर्फाने मढलेला. मार्चमध्ये पुन्हा फेरी झाली. दोन्ही वेळा शनीचं चुंबकीय क्षेत्र या चंद्रापाशी येऊन अडखळल्यासारखं दिसलं, जणू त्याच्याभोवती वायूचं आवरण आहे. पण एवढ्या छोट्या चंद्राचं गुरुत्वाकर्षण अगदीच क्षीण. वायू त्याच्यापाशी टिकणार नाही. म्हणजे कुठून तरी तो सतत नव्याने येत असणार.

डोहर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आग्रह धरला, की पुढच्या फेरीत यान आणखी जवळ न्या. मोहिमेचा ठरलेला मार्ग बदलणं सोपं नसतं. तिथे काहीच सापडलं नसतं तर पुन्हा आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, या धास्तीने आधीच्या दोन रात्री आपल्याला झोप लागली नाही, असं त्यांनीच नंतर सांगितलं आहे. निदान पक्कं व्हायच्या आधी रुग्णाला मोठ्या तपासणीला पाठवणाऱ्या डॉक्टरला ही झोपमोड ओळखीची वाटेल.

१४ जुलै २००५ रोजी कॅसिनी एन्सेलाडसपासून १७३ किलोमीटरवरून गेलं. या वेळी इतर उपकरणांनीही साक्ष दिली. दक्षिण ध्रुवापाशी बर्फाला लांबलचक भेगा होत्या, त्या आसपासच्या बर्फापेक्षा उबदार होत्या आणि तिथून पाण्याची वाफ नि बर्फाचे कण बाहेर पडत होते. नोव्हेंबरमधल्या छायाचित्रांत तर फवारेच दिसले. बर्फाच्या कवचाखाली खारा समुद्र आहे, हे पुढच्या वर्षांत स्पष्ट झालं. सूर्यमालेत पृथ्वीबाहेर जीवसृष्टी शोधायची तर कुठे, या प्रश्नाच्या उत्तरांत तेव्हापासून एन्सेलाडसचं नाव वर आहे.

२००८ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचं ह्यूज पदक मिळालं. २०२५ मध्ये त्या ब्रिटनच्या ‘अॅस्ट्रॉनॉमर रॉयल’ झाल्या. साडेतीनशे वर्षांत या पदावर आलेल्या पहिल्याच महिला.

शनीने मात्र त्यांना एक कोडं घालून ठेवलं. ग्रहाच्या पोटातलं चुंबकत्व टिकायचं तर त्याचा चुंबकीय अक्ष आणि फिरण्याचा अक्ष यांत थोडा तरी कल हवा, असं सिद्धान्त सांगतो. पृथ्वीवर तो सुमारे १० अंश आहे. शनीवर २०१७ मधल्या अखेरच्या, अगदी जवळच्या फेऱ्यांतही तो ०.०१ अंशाहून कमी निघाला. असं का, याचं समाधानकारक उत्तर अजून मिळालेलं नाही.

त्यांच्या गटाने बनवलेला आणखी एक चुंबकमापक सध्या ‘ज्यूस’ यानावर आहे. एप्रिल २०२३ मध्ये निघालेलं हे यान २०३१ मध्ये गुरूपाशी पोचेल आणि नंतर गॅनिमिड या चंद्राभोवती फिरेल. गुरूचं बदलतं चुंबकीय क्षेत्र खाऱ्या पाण्यात वीजप्रवाह निर्माण करतं आणि त्या प्रवाहाचं स्वतःचं क्षीण चुंबकत्व असतं. तेवढं पकडता आलं, की बर्फाला भोक न पाडताही आतला समुद्र किती खोल नि किती खारट, हे सांगता येईल.