उरलेल्या गोळ्या आणि हिवतापाचा जंतू



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतील आदिवासी वस्त्यांवर गेलो की तापातून उठलेल्या माणसाला मी एक प्रश्न हमखास विचारतो : गोळ्या किती उरल्या? दुसऱ्या दिवशी ताप उतरतो, माणूस मजुरीला जातो आणि उरलेल्या गोळ्या ‘पुढच्या वेळेला’ ठेवतो. यात काटकसर दिसते, पण धोका मोठा आहे.

ताप उतरला तरी रक्तात काही जंतू शिल्लक असतात. औषधाला सहज बळी पडणारे आधी मरतात. चिवट असतील ते मागे राहून वाढतात. डास त्यांनाच शेजारच्या घरी नेतो. असे होत होत औषध निकामी ठरते. क्लोरोक्विनचे तसेच झाले. फॅल्सीपॅरम हिवतापावर ते चालत नसल्याचे भारतात प्रथम 1973 साली आसाममध्ये आढळले. 2010 पासून देशभर फॅल्सीपॅरमसाठी आर्टेमिसिनिन गटातील औषध दुसऱ्या औषधाच्या जोडीने तीन दिवस देतात. एकातून वाचलेला जंतू दुसऱ्याने मरावा, हा हेतू. ईशान्य भारतात हे जोडीचे औषधही कमी पडू लागले, म्हणून तेथे 2013 मध्ये ते बदलावे लागले.

जंतू हे कसे साधतो, याचा शोध अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रा. प्रदीपसिंह राठोड घेत आले आहेत. सगळे जंतू सारख्याच वेगाने औषधाला सरावत नाहीत, हे त्यांनी व सहकाऱ्यांनी 1997 साली दाखवले. आग्नेय आशियातील एक वाण काही नव्या औषधांना दुसऱ्या वाणापेक्षा सुमारे हजारपट अधिक वेळा दाद देईनासा झाला. पुढे त्यांच्या प्रकल्पाने गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात काम उभे केले. तेथे रुग्णांच्या रक्तातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर औषधे तपासली गेली. गोव्यातील बरेच रुग्ण परप्रांतांतून कामाला आलेले मजूर असतात. मजुराबरोबर जंतूही प्रवास करतो. आपल्या वस्त्यांवरूनही माणसे कामासाठी दूर जातात, म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

नवे औषध तयार व्हायला वर्षानुवर्षे लागतात. हाताशी असलेले टिकवणे मात्र आपल्याला जमण्यासारखे आहे. ताप आला की आधी रक्त तपासावे. व्हायव्हॅक्स निघाल्यास यकृतात दडलेल्या जंतूंसाठी प्रायमाक्विन चौदा दिवस देतात. गरोदर स्त्रिया व तान्ह्या बाळांना ते देत नाहीत, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. एकाच्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नयेत.

आपल्यापैकी जे वस्त्यांना भेट देतात, त्यांनी खाऊबरोबर हा प्रश्नही न्यावा : गोळ्या किती उरल्या? उत्तर ‘एकही नाही’ असे यावे.