डंपर गेले, खाचर उरले

मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण आपल्या भागात 2011 साली सुरू झाले. पळस्पे ते इंदापूर हे अंतर फक्त 84 किलोमीटर. पेण तालुक्यातले वडखळ, कासू आणि रोहा तालुक्यातले नागोठणे, कोलाड याच पट्ट्यात येतात. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले बारावी होऊन कामधंद्याला लागली, तरी रस्त्याचे रडगाणे सुरूच राहिले. खड्ड्यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. चिपळूणचे ॲड. ओवैस पेचकर त्यासाठी उच्च न्यायालयातही गेले. आम्हाला आज बोलायचे आहे ते रस्त्याच्या बाजूच्या जमिनीबद्दल.

रस्त्याचे काम म्हणजे ठेक्याचे काम. वर मुख्य ठेकेदार, त्याच्या हाताखाली पोटठेकेदार, त्याखाली मुकादम आणि सर्वांत खाली परमुलखातून उचल घेऊन आलेला मजूर. आपला तुकडा झाला की प्रत्येक जण पुढच्या साइटवर. त्यातून आपल्याकडे मूळ ठेकाच रद्द झाला आणि पळस्पे-कासू, कासू-इंदापूर असे भाग पाडून काम दुसऱ्यांकडे गेले. मग शेतात खडी टाकून गेला कोण आणि ती उचलायची कोणी, हे विचारायचे कोणाला?

आमच्या नात्यातल्या एका मामूंचे उदाहरण सांगतो. भाऊ आखातात, मुलगे मुंबईत, शेत पडीक. अशी घरे आपल्यात किती आहेत हे वेगळे सांगायला नको. एका पोटठेकेदाराने डंपर लावायला आणि मजुरांच्या झोपड्यांसाठी खाचर भाड्याने मागितले. फोनवर भावाची संमती मिळाली, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर चार ओळी झाल्या. काम करणाऱ्यांनी बांध फोडले, वर मुरूम पसरून रोलर फिरवला. दोन पावसाळ्यांनंतर एका रात्रीत सगळे निघून गेले. मागे राहिले ऑइलचे डाग, सिमेंटच्या गोण्या, प्लास्टिक आणि उघडे शोषखड्डे. भात लावायला गेले तर खाचर पाणी धरेना. मामू म्हणाले, “मास्तर, भाडं आलं ते औषधपाण्यात गेलं. आता हा मुरूम काढायला त्याच्या दुप्पट पैसा लागेल.”

यात मजुराला दोष देणे सोपे आहे. पण ज्याला शौचालय दिले नाही तो ओढ्यावरच जाणार, आणि गॅस दिला नाही तो लाकूडफाटाच जाळणार. बांधकाम कामगारांसाठीच्या, 2025 पर्यंत लागू असलेल्या 1996 च्या कायद्यात कलम 34 होते. मालकाने मजुरांना मोफत तात्पुरता निवारा द्यावा, त्यात स्वयंपाक, अंघोळ, शौचालय यांची सोय असावी, आणि काम संपल्यावर तो निवारा स्वखर्चाने काढून जमीन पुन्हा सपाट व स्वच्छ करून द्यावी, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. मामूंच्या चार ओळींत यातले काहीच नव्हते.

भरावाच्या मातीचेही तसेच. वडखळच्या खारेपाटात रस्ता उंच करायला डोंगराचा मुरूम लागतो. मार्च 2020 मध्ये केंद्राने रस्ते, पाइपलाइन अशा कामांसाठी माती काढायला पर्यावरण मंजुरीतून सूट दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने 21 मार्च 2024 रोजी ती रद्द केली. डोंगर कापला की पावसात गाळ ओढ्यात उतरतो आणि ओढा अंबा नदीला मिळतो. जुलै 1989 मध्ये याच अंबेने जांभूळपाडा उद्ध्वस्त केले, ते आपल्याकडचे बुजुर्ग अजून विसरलेले नाहीत.

आता कोणी जागा मागायला आले तर करार मराठीत, सविस्तर करा. वरची वीतभर माती आधी काढून बांधाला रचून ठेवायची आणि जाताना परत पसरायची, हे कलम घाला. अनामत रक्कम जमीन साफ झाल्यावरच परत द्या. सही पोटठेकेदाराची नको, मुख्य ठेकेदाराची घ्या. काम सुरू होण्यापूर्वीचे फोटो तारखेसह काढून ठेवा आणि कराराची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. आखातातल्या भावालाही पूर्ण करार वाचून दाखवा, मगच त्याची हो घ्या.