जुन्या एसयूव्हीतील सुकाणू व सस्पेन्शनचे दोषनिदान

जुन्या एसयूव्हीतील सुकाणू व सस्पेन्शनचे दोष, लक्षण केव्हा जाणवते यावरून ओळखले जातात. २००० साली बाजारात आलेली महिंद्रा बोलेरो हे याचे परिचित उदाहरण होय. परळ-लालबागसारख्या भागांतील पावसाळी खड्ड्यांत अशा वाहनांचे सांधे व रबरी बुश झिजतात. ठरावीक वेगालाच सुकाणू थरथरल्यास प्रथम चाकांचे संतुलन तपासतात. वाहन एका बाजूस ओढले गेल्यास टायरमधील हवा, अडकलेला ब्रेक व अलाइनमेंट. खडखडाट होत असल्यास वाहन स्टँडवर टेकवून पुढील चाक हलवतात. चाक वर-खाली धरून हलवताना ढिलेपणा आढळल्यास बॉल जॉइंट वा बेअरिंग, डावी-उजवीकडे धरून हलवताना आढळल्यास टाय रॉडचे सांधे झिजल्याचा संभव असतो. बॉल जॉइंट निखळल्यास चाक कोलमडून नियंत्रण सुटते. त्यामुळे सैल सांधे आधी बदलतात, अलाइनमेंट त्यानंतरच करतात.